पाणी डाव्या हाताला ठेवा: भंडारदऱ्याच्या फेरीबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नाशिकच्या, वय एक्केचाळीस, तीन वर्षं रस्त्यावर धावताय आणि अर्धमॅरेथॉन दोन तास वीस मिनिटांत होते. जानेवारीत दोन मैत्रिणींबरोबर भंडारदऱ्याच्या जलाशयाला एका दिवसात धावत फेरी मारायची आहे. किती तास लागतील, बूट कोणते घ्यावेत, उतारावर उजव्या गुडघ्याची वाटी दुखते त्याचं काय करायचं आणि सोबत गाडी नसली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

फेरी होईल. गाडीशिवाय करू नका. आणि गुडघ्याचं काम आजपासूनच सुरू करा, कारण सप्टेंबर चालू आहे आणि हातात जेमतेम सोळा-सतरा आठवडे आहेत.

मी गेली सतरा वर्षं धावतेय, त्यातली अकरा डोंगरात. भंडारदऱ्याची पूर्ण फेरी सात वेळा केली आणि दोनदा अर्ध्यात सोडली. त्या दोनदांनीच मला ही फेरी खऱ्या अर्थाने समजली. गंगापूर रोडवर किंवा गोदापार्कात धावताना पाय दुखला तर आपण वळतो आणि परत येतो. जितकं गेलो तितकंच परतायचं, हा हिशोब सोपा. जलाशयाभोवती तसं होत नाही. निम्मं अंतर संपतं त्या ठिकाणी तुम्ही घरापासून सर्वांत लांब असता आणि मधून आडवं जायला वाट नसते, तिथे पाणी असतं. शेंडीचं धरण समोर दिसत राहतं, अगदी जवळ वाटतं, पण पोहोचायला वीसेक किलोमीटर चालावं लागतं. दिशा, वेळ, पाणी, गाडी हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं.

आधी भूगोल सांगते, कारण नकाशावर तो नीट कळत नाही. धरण पूर्वेला, शेंडी गावाशी. प्रवरा नदीवरचं हे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं आणि त्यामागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. पाणी तिथून पश्चिमेकडे पसरत जातं. उत्तर काठावर मुरशेत, पांजरे, उडदावणे, मग टोकाला घाटघर. तिथून दक्षिणेला वळून साम्रद, पुढे जंगलातून रतनवाडी आणि दक्षिण काठाने कोलटेंभे, मुतखेल करत परत शेंडी. एकूण चाळीस किलोमीटरहून जास्त. तुम्ही किती फाटे फोडता त्यावर घड्याळातला आकडा बदलतो, तेव्हा मनात पूर्ण मॅरेथॉनचं अंतर धरून चला.

यातला बराचसा भाग कच्ची पायवाट नाही, हे स्पष्टच सांगते. अरुंद डांबरी रस्ता आहे, कुठे चांगला, कुठे पावसाळ्यात उखडून खडी वर आलेला. खरी ट्रेल मिळते ती दोन ठिकाणी. पाणी उतरलं की काठावर मोकळा होणारा पट्टा ही एक, आणि रतनवाडीला अमृतेश्वराच्या मंदिरापासून नदीकाठाने रतनगडाकडे जाणारी वाट ही दुसरी. त्या वाटेबद्दल पुढे लिहिते.

आता दिशा. बहुतेक जण पाणी उजव्या हाताला ठेवून निघतात. फेरी म्हटली की आपल्याला प्रदक्षिणाच आठवते. म्हणजे शेंडीहून आधी दक्षिण काठ, रतनवाडी आणि शेवटी घाटघरकडून उत्तर काठाने परत. मीही पहिल्या तिन्ही वेळा तशीच गेले. आता मी उलट जाते, पाणी डाव्या हाताला. उत्तर काठाचा रस्ता मला जास्त उघडा वाटतो, ऊन अंगावर येतं. तो पहाटेच्या गारव्यात संपवावा. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो. समोर रतनगडाचा कडा आणि त्याचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, हळूहळू उजळत जातं, मागे कळसूबाईचा डोंगर. साडेनऊनंतर, ऊन चढतं तेव्हा, तुम्ही साम्रद-रतनवाडीच्या झाडीत शिरलेल्या असाल. शिवाय शेवटच्या टप्प्यात, पाय संपलेले असताना, रतनवाडीपासून पुढे माणसांचा राबता आहे. चहा मिळतो, जेवण मिळतं, जीप मिळू शकते. पाणी उजव्या हाताला ठेवून गेलात तर थकवा आणि ऊन दोन्ही एकाच वेळी भेटतात.

सोडलेल्या फेऱ्यांपैकी पहिली याच चुकीने सुटली. आम्ही दोघी होतो, गाडी नव्हती, दक्षिणेकडून निघालो होतो. साम्रद मागे टाकलं आणि घाटघरच्या अलीकडे खडीवर माझा डावा घोटा मुरगळला. फोनला रेंज नव्हती. पुढे जाणं आणि मागे जाणं सारखंच लांब होतं. मैत्रिणीने ओढणी फाडून घोटा बांधला आणि आम्ही दीड तास चालत राहिलो. मग दुधाची एक पिकअप आली आणि त्या दादांनी शेंडीपर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत. मला सगळ्यात जास्त भीती घोट्याची वाटली नव्हती. बाटलीत पाणी संपलं होतं आणि डोळ्यासमोर मैलभर पाणी पसरलेलं होतं, त्याची वाटली. तेव्हापासून माझा नियम आहे की एक गाडी विरुद्ध बाजूने येऊन घाटघर-साम्रदच्या दरम्यान उभी राहते आणि नंतर रतनवाडीला जाऊन थांबते. चालवायला घरचं कुणीही चालेल. न धावणारा नवरा किंवा भाऊ असेल तर त्याला आदल्या रात्रीच सगळं समजावून सांगा. फोन लागणार नाही हे धरून वेळा ठरवा: "साडेनऊपर्यंत आम्ही दिसलो नाही तर तू पांजऱ्याच्या दिशेने सावकाश ये." असं बोलून ठेवलं की कुणी घाबरत नाही.

थांबायचा निर्णयही घाटघरच्या अलीकडेच घ्यायचा. उडदावण्याच्या पुढे निघण्याआधी तिघींनी दोन मिनिटं उभं राहून एकमेकींना खरं विचारायचं: गुडघा कसा, पोट कसं, लघवी झाली का, रंग कसा होता. कुणाचं एकीचं जरी बिनसलं असेल तर तिथून मागे फिरा. तोपर्यंत चांगलं वीस-पंचवीस किलोमीटरचं धावणं होतंच.

गुडघ्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की चढताना काही नाही, उतरताना आणि जिना उतरताना वाटीभोवती दुखतं, सूज नाही, गुडघा अडकत नाही. यावरून मांडीचे पुढचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू उताराचं वजन पेलायला कमी पडत असावेत असं वाटतं. पण मी डॉक्टर नाही. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि सूज आली किंवा गुडघा अडकला तर धावणं थांबवून आधी तिकडेच जा. उतारावर स्नायू लांबत लांबत भार घेतो, रस्त्यावरच्या सपाट धावण्यात त्याला ती सवय होत नाही. म्हणून अर्धमॅरेथॉन आरामात करणारी बाईसुद्धा अंजनेरीचा डोंगर उतरून आली की दोन दिवस जिना कठडा धरून, आडवं पाऊल टाकत उतरते.

घरात एक साधी पायरी घ्या, वीतभर उंच. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच हळूहळू खाली जमिनीला टेकवायची आणि तसंच वर यायचं. खाली जायला तीन सेकंद. गुडघा आत झुकता कामा नये, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. आरशासमोर करा. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोबत खुर्चीवरून एका पायावर उठणं आणि भिंतीला टेकून बसणं. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विरत असेल तर व्यायाम चालू ठेवा. त्याच्या वर गेलं तर पायरी कमी उंचीची घ्या. सहा ते आठ आठवड्यांनी फरक कळतो, त्याआधी कंटाळून सोडू नका.

उतरायची पद्धतही बदलायला हवी. आपण घाबरतो, मागे झुकतो, टाच पुढे रोवून ब्रेक लावतो. तो प्रत्येक ब्रेक गुडघ्यात जातो. पावलं लहान आणि भराभर टाका, पाय शरीराच्या खाली पडू दे, पुढे नको. नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे. हात थोडे बाजूला पसरले तरी चालतात, तोल राहतो. चामरलेणीच्या पायऱ्यांवर हे शिकता येत नाही, तिथे पाऊल पायरीच्या मापाने पडतं. पांडवलेण्याच्या मागच्या उतारावर किंवा अंजनेरीच्या मातीच्या वाटेवर शिका.

सराव तुम्हाला आठवड्यातून चार दिवसांचा पुरेल. दोन दिवस साधं, बोलत-बोलत होईल इतक्या वेगाने. एक दिवस चढाचा. एक दिवस लांब, आणि लांब धावणं किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजा. दोन तासांपासून सुरू करून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पाच तासांवर न्या, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. गंगापूर धरणाच्या पाणलोटाकडच्या कच्च्या वाटा यासाठी छान आहेत, पायाखाली जे भंडारदऱ्याला मिळेल तेच तिथे मिळतं. महिन्यातून एकदा शनिवारी दोन तास आणि रविवारी तीन तास असं लागोपाठ करा, थकलेल्या पायांनी निघण्याची सवय होते. चालण्याचाही सराव करा. फेरीतले चढ तुम्ही चालणार आहात, मीही चालते. पण रेंगाळत चालणं आणि नेटाने चालणं यात तासाभराचा फरक पडतो.

आणि एक अट घालते. पूर्ण फेरीआधी दोन्ही काठ वेगवेगळे करून या. नोव्हेंबरात शेंडीहून उत्तर काठाने उडदावण्यापर्यंत जाऊन परत. डिसेंबरात शेंडीहून दक्षिण काठाने रतनवाडी आणि परत, दमत असाल तर एक बाजू गाडीने. मग जानेवारीत तुमच्यासाठी अनोळखी उरेल तो फक्त उडदावणे ते रतनवाडीचा तुकडा.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या रस्त्यावरच्या वेगाला इथे अर्थ नाही. चढ, खडी, फोटो, पाणी भरणं, सगळं धरून किलोमीटरला नऊ-दहा मिनिटं धरा. म्हणजे सहा-सात तास, नदीची वाट जोडली तर आणखी तास. पहाटे सहाला निघा. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे पहिला तास डोक्यावर टॉर्च हवा. थंडी बरीच असते, पहाटे पाण्याच्या काठाने बोटं सुन्न होतात, हातमोजे आणि कानटोपी घ्या. घाटघरला कोकणाच्या बाजूने वारा येतो. एक पातळ वाऱ्याचं जॅकेट कमरेला असू द्या.

बूट: रस्ता आणि वाट असं मिश्रण असल्याने खूप खोल दात असलेला तळ नको, डांबरावर तो टोचतो आणि झिजतो. तीन-चार मिलिमीटरचे दात पुरतात. माप अर्ध्या क्रमांकाने मोठं, कारण चार तासांनी पाय फुगतो आणि उतारावर अंगठ्याचं नख पुढे आपटतं. नवे बूट जानेवारीत पहिल्यांदा घालू नका, एवढंच.

खाण्याकडे बायका फार दुर्लक्ष करतात, म्हणून जरा लांबण लावते. दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. जेलवर पैसे घालवायचे नसतील तर एक केळं म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, सगळं चालतं. मी गूळ घातलेली तांदळाची पेज छोट्या बाटलीत नेते. चिक्की तोंड कोरडं असताना गिळवत नाही, ती पाणी भरायच्या ठिकाणीच खा. भूक लागायची वाट पाहू नका, पाऊण तासाने घड्याळ बघून खायचं. पाणी दीड लिटर जवळ असू द्या आणि तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, मळमळ होते, डोकं जड होतं आणि बाई उन्हाने थकली असं समजून तिला आणखी पाणी पाजलं जातं. ते धोक्याचं आहे. ओआरएसची पुडी पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळा.

पाणी गावांतून मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. हा अकोले तालुक्यातला महादेव कोळ्यांचा मुलूख आहे. एकदा पांजऱ्याच्या हापशावर एका आजींनी विचारलं, "कुठं पळता गं बायांनो, काय झालं?" आम्ही सांगितलं, फेरी मारतोय. त्यांनी हंडा बाजूला केला आणि आधी आमच्या बाटल्या भरू दिल्या. कुणाच्या घरी शौचालयाला जायचं असेल तर बाईमाणसाला विचारा, संकोच करू नका. पाळी येण्याची तारीख जवळ असेल तर सामान सोबत ठेवा. मांड्यांच्या आत आणि ब्राच्या पट्ट्यांखाली निघण्याआधीच व्हॅसलीन लावा, जखम झाल्यावर उपयोग होत नाही.

पाणी भरलेलं असतं तोवर काठाचा पट्टा नसतोच. जानेवारीत तो कुठे-कुठे उघडा पडतो आणि दुरून धावायला मऊ, सपाट वाटतो. दोन गोष्टी सांभाळा. वर सुकलेली पापडी आणि खाली ओला गाळ, असं असतं. भेगा पडलेल्या, पायाखाली कडक वाटणाऱ्या भागावरच राहा, चकचकीत दिसतं तिथे पाऊल नको. दुसरं, मोकळ्या झालेल्या गाळात लोक पिकं घेतात. बांध तुडवू नका, वळसा घाला. आणि कितीही घाम आला तरी पोहायला उतरू नका, काठ कुठे तुटतो ते वरून कळत नाही. घाटघरच्या छोट्या जलाशयाशी तर काठावर बसूही नका. तिथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. खाली कोकणात सोडलेलं पाणी पुन्हा वर ओढलं जातं, त्यामुळे पातळी काही तासांत वर-खाली होते.

आता रतनवाडीची वाट. यासाठीच मी दरवर्षी जाते. हेमाडपंती बांधणीचं अमृतेश्वराचं मंदिर आणि जवळची पुष्करणी मागे टाकली की वाट प्रवरेच्या काठाने झाडीत शिरते. रतनगडाच्या अंगाखांद्यावरून उगम पावलेली ही नदी इथे अजून ओढ्याएवढी आहे आणि वाट ती पुन्हा पुन्हा ओलांडते. जानेवारीत दगडांवरून उड्या मारत जाता येतं. पायाखाली पाचोळा, मुळं, मधूनच बेसॉल्टचे गुळगुळीत दगड. ओल्या शेवाळलेल्या दगडावर बूट कितीही चांगला असला तरी सटकतो, त्यावर उडी न मारता सरळ पाण्यात पाय घाला. गडावर चढायच्या शिड्यांपर्यंत जायची गरज नाही, अर्धा तास आत आणि परत. अठ्ठावीस-तीस किलोमीटर डांबर आणि खडी तुडवून आल्यावर त्या सावलीत पाय आपोआप हलके होतात. पाय दमलेले असतील तर धावू नका, चाला, पण ही वाट टाळू नका. इथे तेलं-अत्तरं लावून जाऊ नका आणि आरडाओरडा नको, कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

पावसाळ्यात ही फेरी करावी का, असं तुमच्या मैत्रिणीने विचारलंय. नको. माझी दुसरी सुटलेली फेरी जुलैमधली होती. घाटघरला धुकं इतकं दाटलं की दहा पावलांवरची मैत्रीण दिसेना, आणि रस्त्यावरून वाहणारा ओढा आम्ही जाताना घोटाभर होता तो अर्ध्या तासात गुडघ्याच्या वर गेला. शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी ती वेगळीच. भातखाचरांतून, चिखलातून गेलात आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोकाही असतो, नंतर ताप आला तर डॉक्टरांना तसं सांगायला हवं. मे अखेर ते जूनच्या मध्यात रात्री धावायचा मोह होतो, काजव्यांनी झाडं लखलखतात म्हणून. त्या दिवसांत कृपा करून टॉर्च घेऊन जंगलात धावू नका. काजवे प्रकाशानेच जोडीदार शोधतात, आपल्या उजेडाने त्यांचं ते सगळं बिघडतं. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याच्या नाक्यावर रीतसर शुल्क भरा आणि वेळेचे नियम पाळा.

मोठ्या उपचारांसाठी राजूर, अकोले किंवा घोटी गाठावं लागतं, हे गाडीवाल्याला आधीच माहीत असू द्या. पिशवीत क्रेप बँडेज, शिट्टी, एक जुना बटणांचा फोन चार्ज करून आणि पाचशे रुपये सुटे. साप दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. चावलाच तर पाय न हलवता, काही न कापता, न बांधता थेट रुग्णालय.

पायरीचा व्यायाम आज रात्रीच करून बघा आणि पहिल्या फेरीत उजवा गुडघा कितव्या वेळेला दुखला तो आकडा मला कळवा. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी दक्षिण काठाने रतनवाडीला जाणार आहे, पहाटे सहाला शेंडीच्या फाट्यावरून. तुम्ही तिघी याल तर नदीची वाट सोबतच करू.